भोगीची आग आणि घरातलं जुनं सामान

आपल्याकडे भोगी म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगी, पावटा, ओला हरभरा, गाजर घालून केलेली भाजी. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, तंजावरच्या आसपासच्या गावांत, त्याच नावाचा सण पहाटेच्या अंधारात आग पेटवून साजरा होतो. पोंगलच्या आधी घर झाडून घ्यायचं, भिंतींना चुना लावायचा आणि निकामी झालेलं सामान दारासमोर जाळून टाकायचं, अशी ही रीत. जुनं जावं आणि नव्याला जागा व्हावी, हा तिचा भाव मला मनापासून आवडतो. म्हणूनच त्या आगीत आज काय जळतंय, हे नीट पाहायला हवं.

पूर्वी गावातल्या घरात जाळण्याजोगं असायचं ते काय? कोरै गवताची फाटकी चटई, ताडाच्या पानांच्या टोपल्या, झिजलेल्या केरसुण्या, नारळाच्या झावळ्या. हे सगळं सेल्युलोज आणि लिग्निन. त्याचाही धूर डोळ्यांना झोंबायचाच, पण मागे उरलेली पालाशयुक्त राख बिनधास्त शेतात जायची. आज दाराबाहेर निघतो तो फोमचा सोफा, रेक्झिनची खुर्ची, पार्टिकल बोर्डाचं कपाट, सनमायका लावलेला टीपॉय. रीत तीच राहिली, सामान मात्र पार बदललं.

पार्टिकल बोर्ड या मुलखात टिकत का नाही, तेही समजून घेण्यासारखं आहे. लाकडाचा भुगा युरिया-फॉर्मल्डिहाइड या डिंकात कालवून, गरम दाबाखाली त्याच्या फळ्या करतात. या डिंकाचं पाण्याशी वैर. ओलावा मिळाला की त्याचे रासायनिक बंध हळूहळू सुटतात, भुगा फुगतो आणि बिजागरीचे स्क्रू आपोआप बाहेर येतात. तंजावर भागाला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर. चहूकडे पाण्याने भरलेली भातखाचरं आणि घरात दमट हवा. असं कपाट पावसाळ्यात फुगतं आणि जानेवारीत, नेमकं भोगीच्या तोंडावर, कुटुंबाला नकोसं होतं.

ते जाळलं तर डिंकातला फॉर्मल्डिहाइड हवेत येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवला आहे. सोफ्यातला फोम पॉलियुरेथेनचा. त्याच्या रेणूंत नायट्रोजन असल्यामुळे कोंदट, अर्धवट जळताना हायड्रोजन सायनाइड तयार होतो. रेक्झिन बहुतेकदा पीव्हीसीचं. त्यातल्या क्लोरिनपासून हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा निघतात आणि उघड्यावरच्या बेताच्या आगीत डायॉक्सिनही बनतात. हजार अंशांच्या आसपास तापलेल्या, नियंत्रित भट्टीत डायॉक्सिनचे रेणू तुटतात. दारापुढच्या ढिगाऱ्यात तेवढी उष्णता सगळीकडे पोचतच नाही.

त्यात वेळ सर्वांत वाईट. जानेवारीच्या पहाटे जमीन थंड पडलेली असते, तिला चिकटलेला हवेचा थरही गार असतो आणि त्याच्यावर तुलनेने उबदार हवा पसरलेली असते. या उलट्या रचनेला तापमान व्युत्क्रमण म्हणतात. गार, जड हवा वर चढत नाही. डोक्यावर झाकण ठेवावं तसा धूर खालीच कोंडतो, आणि धुक्याचे थेंब त्याच्या कणांभोवती आणखी दाटतात. २०१८ च्या भोगीला चेन्नईत हा धूर आणि धुकं इतकं साचलं की विमानांची उड्डाणं विस्कळीत झाली. खेड्यात विमानतळ नसतो, म्हणून तिथल्या धुराची बातमी होत नाही. पण ओट्यावर झोपलेली म्हातारी माणसं आणि दम्याची मुलं तीच हवा घेतात. धुरातल्या पीएम २.५ या अतिसूक्ष्म कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे, भारताची ६०.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती राखेची. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे दहा लाखांत ९० भागांची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्याआधी रंगवलेल्या पलंगात, पाळण्यात, खिडकीच्या चौकटीत शिसं असण्याची शक्यता चांगलीच असते. लाकूड जळून जातं, शिसं जळत नाही. काही धुराबरोबर जातं, बरंचसं राखेत राहतं. आणि गावात राख कुणी टाकून देत नाही. ती भांडी घासायला जाते, भाजीच्या वाफ्यात जाते, पानांवर किडीसाठी भुरभुरली जाते. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची अमुक मात्रा सुरक्षित, असं म्हणता येत नाही. रंग दिलेलं जुनं लाकूड चुलीतही घालू नये, ते याचसाठी.

जाळायचं नाही, तर दुसरी सोपी वाट म्हणजे सामान कालव्यात फेकायची. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचं पाणी सोडायची परंपरागत तारीख १२ जून. ते पाणी कल्लणैला, म्हणजे करिकाल चोळाच्या नावाशी जोडलेल्या प्राचीन बंधाऱ्याला पोचतं, तिथे कावेरी, वेण्णारसारख्या फाट्यांत वाटलं जातं आणि मग हजारो लहान पाटांतून, तिथल्या भाषेत वाय्क्कालांतून, शेतात जातं. कोरड्या वाय्क्कालात टाकलेली गादी उन्हाळाभर कुणाला खुपत नाही. पाणी आलं की ती मोरीच्या तोंडाशी अडकते आणि तिच्याभोवती गाळ धरतो. वरच्या गावाने टाकलेलं सामान अशा रीतीने शेवटच्या टोकाच्या गावाचं पाणी अडवतं. तिथे आधीच पाणी उशिरा पोचतं आणि कुरुवै हंगामातल्या भाताची लावणी त्याच्यावरच अवलंबून असते.

कायद्यानेही या दोन्ही वाटा बंद आहेत. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रस्त्यावर, सार्वजनिक जागेत, गटारात किंवा जलाशयात कचरा टाकायला आणि जाळायला मनाई केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. पण ऐन सणाच्या पहाटे शेजाऱ्याला दंड कोण लावणार? काम व्हायला हवं ते भोगीच्या आधीच्या आठवड्यात, आणि सामान कशाचं बनलंय हे ओळखून.

अस्सल लाकूड सर्वांत सोपं. त्याला मागणी आहे. तंजावरहून दक्षिणेला, चेट्टिनाडमधल्या कारैकुडीत, पाडलेल्या वाड्यांचे ब्रह्मी सागाचे खांब, दारं, कपाटं विकणारी अख्खी पेठ आहे. त्रिभुज प्रदेशातल्या घराचं खास सामान म्हणजे पत्तायम, भात साठवायची लाकडी कणगी. वरून भात ओतायचं, खालच्या लहान झडपेतून लागेल तसं काढायचं. आता बरंचसं भात खळ्यावरूनच सरकारी खरेदी केंद्रात जातं, आणि रिकामं पत्तायम माजघराची जागा अडवून बसतं. त्याचा सरपणासाठी चुरा होतो तेव्हा मला फार वाईट वाटतं. शंभर वर्षं वाळलेली फळी आता ना वाकते ना पिळते. सुताराने रंध्याचा एक हात मारला की खाली ताजं, घट्ट लाकूड लागतं. सागाच्या गाभ्यात तर टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, जे वाळवीला मानवत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनापैकी साधारण निम्मा कार्बन असतो. म्हणजे ४० किलोच्या पलंगात २० किलो कार्बन बांधलेला आहे. जाळला तर त्याचा सुमारे ७३ किलो कार्बन डायॉक्साइड होतो, माळा किंवा दार केलं तर तो आणखी एक-दोन पिढ्या घरातच राहतो.

जुनं लाकूड कुणाला देण्याआधी एक तपासणी मात्र हवीच. फळी पांढऱ्या कागदावर काही दिवस ठेवावी. बारीक छिद्रांखाली पिठासारखा ताजा भुसा पडला, तर आत भुंगा जिवंत आहे. असं लाकूड देणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात कीड पोचवणं. ते थोडं असेल तर बोरॅक्स आणि बोरिक आम्लाचं द्रावण आत मुरवून वाचवता येतं. आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या लाकडी खोक्यांना गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवतात, तेही याच किडींसाठी.

कुजलेलं लाकूड मागच्या बागेत टाकून विसरून जाणंही इथे परवडणारं नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये गज चक्रीवादळाने पट्टुक्कोट्टै, पेरावुरणी आणि ओरत्तनाडू भागातल्या नारळीच्या बागा झोपवल्या.  पडलेली खोडं लवकर हलवा, असं कृषितज्ज्ञ अशा वेळी सांगतात, कारण गेंड्या भुंगा कुजक्या खोडांत आणि शेणखतात अंडी घालतो आणि उभ्या नारळीचा कोंब पोखरतो. सडक्या पलंगाच्या ढिगालाही तोच नियम लावलेला बरा.

बाकीचं भराभर सांगता येईल. लोखंडी कपाट भंगारवाला आनंदाने उचलतो. त्याच्यापासून पोलाद करायला खनिजापासून करण्यापेक्षा बरीच कमी ऊर्जा लागते. उन्हाने ठिसूळ होऊन पाय मोडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. बुडाशी त्रिकोणात ५ आकडा असतो, त्या वितळवून पुन्हा वापरता येतात. सावरीच्या कापसाची गादी पिंजून नव्या खोळीत भरता येते. कोरडा, स्वच्छ फोम तुकडे करून, पुन्हा चिकटवून स्वस्त गाद्यांत जातो. पावसात भिजला की त्याला कुणी हात लावत नाही. म्हणून सोफा अंगणात काढून ठेवण्याआधी घेणारा शोधावा.

उरतो तो पार्टिकल बोर्ड आणि सनमायका, आणि इथे घरमालकाच्या हातात फारसं काही नाही. भंगारवाला घेत नाही, सुताराच्या कामाचं नाही. चेन्नई महापालिका भोगीआधी जुन्या वस्तू सफाई कर्मचाऱ्यांकडे द्या, असं आवाहन करते. गावपातळीवरही दारोदार फिरणारे तूय्मै कावलर, म्हणजे स्वच्छता राखणारे कर्मचारी, आहेतच. त्यांना आठवडाभरासाठी एक ट्रॅक्टर आणि पंचायतीची एक पत्र्याची शेड मिळाली, तर अनेक गावांचा माल एकत्र करून सिमेंटच्या भट्टीपर्यंत पाठवता येईल. तिथे तो १,४०० अंशांच्या वरच्या उष्णतेत जळतो. खर्च कुणी द्यायचा? फ्रान्समध्ये २०१३ पासून नवं फर्निचर घेतानाच त्याच्या विल्हेवाटीची रक्कम किमतीत धरली जाते. आपल्याकडे टायर, बॅटऱ्या, इलेक्ट्रॉनिक सामान आणि प्लास्टिकचं वेष्टन यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम आहेत. फर्निचर त्या यादीत घालावं आणि त्या पैशातून पहिला ट्रॅक्टर कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या गावाला मिळावा.