मोटारीचें तेल : साधें कीं सिंथेटिक ?

तेल हा शब्द मूळचा तिळाचा. तिळापासून निघतें तें तैल, इतकाच त्याचा सरळ अर्थ. पुढें सरकी, करडई, एरंडी यांच्या रसालाहि तोच शब्द लागला, आणि अखेर जमिनीच्या पोटांतून निघणाऱ्या काळ्या द्रवालाहि आपण तेलच म्हणूं लागलों. आतां तर ज्याचा रेणुन् रेणु कारखान्यांत जुळविलेला आहे असें तेल 'सिंथेटिक' या नांवानें मोटारीच्या दुकानांत मिळतें. साध्या तेलाहून तें बरेंच महाग असतें, आणि तें घ्यावें कीं न घ्यावें यावरून ज्या घरीं मोटार आहे त्या घरीं वडील आणि तरुण मंडळींत खडाजंगी होते. इतकीं वर्षें साध्या तेलावर गाड्या चालल्याच ना, असें वडील म्हणतात. महागाची वस्तु उगीच महाग नसते, असें चिरंजीव म्हणतात. आमच्या मतें दोघेहि डब्यावरचा मोठा शब्द वाचून भांडतात. त्याखालचीं बारीक अक्षरें कोणीच वाचीत नाहीं.

वंगणाचें काम आपणांस बैलगाडीपासून ठाऊक आहे. आंसाला एरंडेल मिळालें नाहीं तर चाक कुरकुरूं लागतें, आणि तसेंच हांकीत राहिलें तर आंस झिजतो. मोटारीच्या एंजिनांत हाच प्रकार मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांच्या वेगानें चाललेला असतो. फिरता दांडा आणि त्याचें बेअरिंग यांमध्यें केसाहूनहि बारीक असा तेलाचा पदर असतो. तो आहे तोंवर धातु धातूला शिवत नाहीं. शिवाय पिस्टनची उष्णता वाहून नेणें, जळलेल्या इंधनाची काजळी आपल्यांत धरून ठेवणें, त्यांतून निघणारीं आम्लें मारणें, गंज चढूं न देणें, हीं कामेंहि त्याच तेलाकडे. संस्कृतांत तेलाला आणि मायेला 'स्नेह' हा एकच शब्द आहे, तो उगीच नव्हे. एरंडेलाची योग्यता इंग्रजांनींहि ओळखली होती. वेकफील्ड यांच्या कंपनीनें १९०९ सालीं मोटारींकरितां जें तेल काढलें त्यांत एरंडेल असे, आणि 'कॅस्टर' या त्याच्या इंग्रजी नांवावरूनच कॅस्ट्रॉल हें नांव पडलें.

साधें तेल म्हणजे खनिज तेल. मुंबईस माहुल येथें हिंदुस्थान पेट्रोलियमचा कारखाना आहे. तेथें कच्च्या तेलांतून पेट्रोल-डिझेल निघाल्यावर उरणाऱ्या जड भागापासून वंगणाचें मूळ तेल तयार होतें. हें काम तांदूळ निवडण्यासारखें आहे. कितीहि पाखडले, चाळले, तरी कांहीं दाणे लांब, कांहीं आखूड, थोडी कणी आणि एखादा खडा राहतोच. खनिज तेलांतले रेणु असेच लहानमोठे. लहान असतात ते उष्णतेनें उडून जातात. मेणासारखे असतात ते थंडींत घट्ट होतात. कांहीं हवेंतल्या प्राणवायूशीं लवकर संयोग पावून चिकट होतात. सिंथेटिक तेलांतले रेणु निवडलेले नसून घडविलेले असतात. एथिलीन वायूपासून आरंभ करून एकसारख्या घडणीचे रेणु जुळविणें ही एक रीत. दुसरी रीत, खनिज तेलाचाच जड भाग मोठ्या दाबाखालीं हायड्रोजनाच्या संगतींत तापवून त्यांतले रेणु मोडून पुन्हां नव्यानें बसविणें. कांहीं लोक 'सिंथेटिक' याचें भाषांतर 'कृत्रिम' असें करतात, तें आम्हांस पसंत नाहीं. कृत्रिम म्हटलें कीं नकलीचा वास येतो. संश्लिष्ट हा शब्द येथें यथार्थ आहे.

या दुसऱ्या रीतीच्या तेलाला सिंथेटिक म्हणावें काय, यावरून अमेरिकेंत मोबिल आणि कॅस्ट्रॉल या दोन कंपन्यांत मोठा तंटा झाला. जें मुळांत खनिज तें खनिजच, असें मोबिलचें म्हणणें होतें. जाहिरातींचा खरेखोटेपणा पाहणाऱ्या तेथील मंडळानें १९९९ सालीं निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूनें दिला. परिणामीं दोन्ही रीतींचीं तेलें आज एकाच नांवाखालीं दुकानांत दिसतात. 'सेमी-सिंथेटिक' हा शब्द तर याहूनहि सैल. त्यांत संश्लिष्ट भाग किती, हें डब्यावरून सहसा कळत नाहीं.

म्हणून बारीक अक्षरांकडे वळावें. डब्यावर '५डब्ल्यू-३०' किंवा '२०डब्ल्यू-५०' असे आंकडे असतात. यांतला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिंवाळा. पहिला आंकडा जितका लहान तितकें तेल थंडपणीं अधिक प्रवाही. ५डब्ल्यूची परीक्षा उणे ३० अंश सेल्सिअसला होते, २०डब्ल्यूची उणे १५ला. दुसरा आंकडा तेल १०० अंशांपर्यंत तापल्यावर किती दाट राहतें तें सांगतो. निफाडांत कितीहि कडाका पडला तरी उणे तीस कोठून येणार, असें वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. परंतु एंजिनाच्या दृष्टीनें पुण्याची मे महिन्यांतली सकाळहि थंडच होय. शंभर अंशांवर नीट वाहणारें तेल पंचवीस-तीस अंशांवर कितीतरी पटींनीं दाट असतें, आणि किल्ली फिरविल्यावर तें वरच्या भागापर्यंत पोंचेतों जे क्षण जातात त्यांत झीज होते. नव्या एंजिनांतल्या वाटा अरुंद असतात, व पातळ तेलानें पेट्रोलहि थोडें वांचतें. म्हणून आजकालच्या लहान गाड्यांच्या पुस्तिकेंत '०डब्ल्यू-२०' सारखें तेल सांगितलेलें आढळतें. इतकें प्रवाही आणि तरीहि न उडणारें तेल साध्या खनिज तेलापासून होत नाहीं. तेव्हां पुस्तिकेंत हा आंकडा असेल तर वाद तेथेंच मिटला. साध्या तेलाचा प्रश्नच उरत नाहीं. उलट, पंधरा-वीस वर्षांपूर्वींच्या गाडीस १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० सांगितलें असेल, तर तिला अतिपातळ सिंथेटिक पाजणें हा लाड नव्हे, छळ आहे.

दुसरीं अक्षरें 'एपीआय' या अमेरिकन संस्थेचीं. एस हें पेट्रोलचें, सी हें डिझेलचें. एसच्या पुढचें अक्षर वर्णमालेंत जितकें पुढचें तितकी कसोटी नवी. २०२० सालापासून 'एसपी' चालू झाली. नवी कसोटी उतरलेलें साधें तेल हें जुन्या कसोटीच्या भपकेदार डब्याहून केव्हांहि बरें.

आतां तारखेचें सांगतों, कारण सर्वांत मोठें नुकसान येथेंच होतें. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांनीं भविष्यनिर्वाह निधीचा मोठा भाग घालून मोटार घेतली. नातवंडांची शाळा, मंडई, देऊळ, इतकाच तिचा प्रवास. वर्षाला तीन हजार किलोमीटरहि होत नसत. पुस्तिकेंत 'दहा हजार किलोमीटर अथवा एक वर्ष, जें आधीं होईल तें' असें होतें. त्यांनीं पहिला अर्धा भाग वाचला आणि महाग सिंथेटिक तेल घालून तीन-तीन वर्षें निश्चिंत राहिले. सातव्या वर्षीं एंजिनाचें वरचें झांकण उघडलें तेव्हां आम्ही तेथें होतों. आटलेल्या काकवीसारखा काळा थर सर्वत्र बसला होता, आणि दुरुस्तीचा आंकडा ऐकून घरांतल्या बायकामाणसांचे चेहरे उतरले.

याचें कारण साधें आहे. एक लिटर पेट्रोल जळलें कीं जवळजवळ तितकेंच पाणी वाफेच्या रूपानें तयार होतें. त्यांतला थोडा अंश, कच्च्या पेट्रोलासह, पिस्टनच्या कडेनें खालीं तेलांत उतरतो. लांबच्या प्रवासांत तेल चांगलें तापतें व हें पाणी उडून जातें. दहा मिनिटांच्या फेरींत तें तसेंच राहतें, आणि आम्लें व चिखल होतो. जी गाडी कमी चालते तिचें तेल अधिक टिकतें, ही समजूत म्हणूनच उलटी आहे. अशा गाडींत, पुस्तिकेची मुभा असेल तर, साधें तेल घालून तें दर वर्षीं न चुकतां बदलावें. सिंथेटिक तेल तीन वर्षें ठेवण्यापेक्षां हें स्वस्तहि आणि हितकरहि.

याउलट ज्यांचे चिरंजीव दर आठवड्यास बोरघाट चढून मुंबईहून येतात, भर उन्हाळ्यांत तासतास रांगेंत एंजिन चालू ठेवून उभे राहतात, किंवा ज्यांच्या गाडीला टर्बो आहे, त्यांनीं सिंथेटिकच घ्यावें. टर्बोचें चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतें व जळत्या धुराच्या झोतांत बसलेलें असतें. तेथें साधें तेल करपून कोळसा होतो. घाट चढून गेल्यावर तडक किल्ली काढूं नये, मिनिटभर एंजिन हळू चालूं द्यावें. अमेरिकेंतील ए.ए.ए. या मोटारमालकांच्या संस्थेनें २०१७ सालीं प्रयोगशाळेंत पांच साधीं व पांच सिंथेटिक तेलें तपासलीं, तेव्हां सिंथेटिक सरासरीनें शेंकडा ४७ सरस ठरलीं. लहान गाडीस तीन-साडेतीन लिटर तेल लागतें. दरांतला फरक लिटरला तीनशें रुपये धरला तरी खेपेला हजार रुपये. सतत राबणाऱ्या गाडीस हा खर्च आम्ही उधळपट्टी समजत नाहीं.

डिझेलवाल्यांनीं एक जपावें. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत काजळीची गाळणी असते, आणि तिला कमी राख सोडणारें तेल लागतें. तसें नसलेलें सिंथेटिक कितीहि उंची असलें तरी गाळणी तुंबवील.

एकदां सिंथेटिक घातलें कीं परत फिरतां येत नाहीं, ही भीति निराधार आहे. दोन्ही तेलें एकमेकांत मिसळतात. तेल काळें पडलें म्हणजे बिघडलें असेंहि नाहीं, काजळी धरून ठेवणें हें त्याचें कामच. मात्र गाडीचें तेल मोटारसायकलींत ओतूं नये; तिचा क्लच त्याच तेलांत बुडालेला असतो आणि घसरूं लागतो.

डबा ओळखीच्या दुकानांतून मोहोर पाहून घ्यावा, व रिकामा झाल्यावर त्यास भोंक पाडावें, म्हणजे त्यांत भेसळीचें तेल भरून तो पुन्हां बाजारांत येणार नाहीं. महिन्यांतून एकदां, गाडी सपाट जागीं उभी करून, एंजिन थंड असतां तेलाची पट्टी पुसून पुन्हां बुडवून पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्यें असावें. हें काम घरांतल्या एखाद्या चौकस मुलाकडे द्यावें, आणि तेल बदलल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरांत त्याच्याच हातानें लिहवून घ्यावी.