पावसाळ्यापूर्वी औजारांची निगा

दरवर्षी १५ मे रोजी शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण येतो. माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतात नांगर धरणाऱ्या या मजुरास १६२२ साली, संत फ्रान्सिस झेवियर यांच्यासमवेत एकाच दिवशी, संतपद बहाल झाले. आपल्या गोव्यात या सणानंतर सुमारे तीन आठवड्यांत पाऊस येऊन ठेपतो. तेव्हा बागेतील औजारे व यंत्रे तपासून ठेवण्यास हीच वेळ योग्य होय.

लोखंडास हवेतील प्राणवायू व पाणी यांचा एकत्र संसर्ग झाला म्हणजे गंज चढतो. समुद्रकाठची खारी हवा, रासायनिक खतांचे क्षार व हाताचा घाम यांमुळे ही क्रिया अधिकच त्वरेने घडते. गंज सच्छिद्र असल्यामुळे खालचे लोखंड पोखरले जातच राहते. शिवाय तो मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणूनच छाटणीच्या कात्रीची खीळ किंवा गवत कापण्याच्या यंत्राचे फिरते भाग घट्ट अडकून बसतात. अशा वेळी जोर लावावा, तर औजार मोडते किंवा हातास इजा होते.

उपाय साधा आहे. क्रम मात्र चुकता कामा नये. प्रथम यंत्र बंद करून वीज तोडावी. पेट्रोलचे इंजिन असल्यास स्पार्क प्लगची तार काढावी. नंतर चिखल व गवताचा चीक घासून काढावा, आणि औजार पुसून पूर्ण सुकवावे. ओल्या मातीवर तेल सोडल्यास त्याचा लगदा होऊन सांधे झिजतात. सुकल्यावर खिळीवर व सांध्यांवर यंत्राच्या तेलाचे थेंब सोडून तो भाग हलवावा, म्हणजे तेल आत पोहोचेल. बेअरिंगला ग्रीस द्यावे. खोबरेल कालांतराने खवट होते आणि जवसाचे तेल वाळून चिकटते; म्हणून ती सांध्यांत घालू नयेत. रॉकेलने गंज सैल होतो, परंतु ते उडून जाते. त्यामुळे मागाहून तेल द्यावेच लागते.

सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारणाऱ्यांनी विशेष जपावे. मोरचुदाच्या द्रावणातील तांबे लोखंडावर बसते आणि लोखंड विरघळते. म्हणून ते लोखंडी भांड्यात कालवू नये, व काम संपताच फवारणीचा पंप स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुवावा. औजारे जमिनीवर न टेकवता, खतांच्या पोत्यांपासून दूर, भिंतीस टांगावीत. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळल्यास आत दमटपणा कोंडतो.

कर्ज काढून घेतलेले यंत्र हप्ते फिटण्यापूर्वीच निकामी झाले, तर त्याची झळ साऱ्या घरास लागते. शेजाऱ्याचे यंत्र मागून आणले असेल, तर ते पुसून, तेल देऊनच परत करावे; तोही शेजारप्रीतीचाच भाग आहे. पृथ्वीवरील धनास कसर व जंग लागतात, असे प्रभू येशूने बजावले, ते आपण त्या धनात जीव गुंतवू नये म्हणून; हाती सोपविलेल्या वस्तूंची हेळसांड करावी म्हणून नव्हे.