स्टेल्थ म्हणजे अदृश्य नव्हे

15 जानेवारी 2025 रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस निलगिरी’ नौदलात दाखल झाली. ‘प्रोजेक्ट 17 अ’ या प्रकल्पातल्या सात फ्रिगेट युद्धनौकांपैकी ही पहिली. चार माझगाव डॉक, तर तीन कोलकात्याच्या गार्डन रीच या जहाजबांधणी कारखान्यांच्या. सगळ्या ‘स्टेल्थ’ म्हणवतात, म्हणून त्या रडारवर दिसतच नाहीत असं अनेकांना वाटतं.

सुमारे 149 मीटर लांबीचं पोलादी जहाज रडारवर दिसणारच. फरक पडतो तो प्रतिध्वनी किती मोठा उमटतो, यात. दोन पृष्ठभाग काटकोनात भेटले, की रडारची लहर दोनदा आपटून आली त्याच दिशेने परत फिरते. म्हणून निलगिरीच्या भिंती कललेल्या आहेत, त्यांवर आपटलेली लहर भलतीकडे निघून जाते. क्षेपणास्त्रं डेकखालच्या उभ्या नळ्यांत बसवली आहेत, वर दिसतात ती फक्त सपाट झाकणं. प्रतिध्वनी लहान झाला, की शत्रूला जहाज उशिरा कळतं. त्याहून मोलाचं म्हणजे, चाल करून येणाऱ्या क्षेपणास्त्राला चकवण्यासाठी हवेत सोडलेला धातूच्या तंतूंचा ढग जहाजापेक्षा मोठा भासू शकतो. खलाशांचा जीव वाचतो तो अशा फरकाने. मात्र जहाजाने स्वतःचं रडार चालू केलं, की त्याच्या लहरी शत्रूला टिपता येतात. तिथे भिंतींचा कल कामाला येत नाही.

निलगिरीला चार इंजिनं, म्हणजे चारहींची ताकद एकत्र, हाही गैरसमज. दोन डिझेल आणि दोन गॅस टर्बाइन आहेत, पण एका वेळी एकच जोडी पंखे फिरवते. लांबच्या गस्तीला काटकसरी डिझेल, वेग हवा तेव्हा टर्बाइन. टर्बाइन संथ चालीत फार इंधन खातं, म्हणून ही विभागणी.

फ्रिगेट म्हणजे छोटी नौका, हे समीकरणही आता जुनं झालं. निलगिरीचं वजन सुमारे 6,670 टन आहे. 1997 साली दाखल झालेली ‘आयएनएस दिल्ली’ ही विनाशिका, म्हणजे फ्रिगेटच्या वरच्या वर्गातली नौकाही, साधारण एवढीच. वर्ग ठरतो तो कामावरून आणि त्या त्या नौदलाच्या परंपरेवरून.

‘स्वदेशी’ म्हणजे खिळान्‌खिळा इथलाच, असं मात्र नाही. स्वदेशी वाटा सुमारे 75 टक्के आहे. टर्बाइनची रचना अमेरिकी, मुख्य रडार इस्रायली, ब्रह्मोस क्षेपणास्त्र रशियासोबत विकसित केलेलं. याने स्वदेशीपणा खोटा ठरतो का? मला तसं वाटत नाही. 1972 साली नौदलात आलेली पहिली ‘निलगिरी’ही माझगावातच बांधली होती, पण तिचा आराखडा ब्रिटिश लिअँडर वर्गाचा होता. आजच्या निलगिरीचा आराखडा नौदलाच्याच वॉरशिप डिझाइन ब्यूरोचा आहे. भिंत किती कलवायची आणि इतक्या देशांची यंत्रं एका सांगाड्यात कशी बसवायची, हे इथल्याच अभियंत्यांनी ठरवलं.