दऱ्या कीं दर्या?

आमच्या बीड जिल्ह्यांत पाण्याची वाण. तरी नातवाच्या संगणकानें परवां बालाघाटांत समुद्र आणला! मीं 'बालाघाटच्या दऱ्या' सांगितलें. छापून आलें 'बालाघाटच्या दर्या'. वाचनाच्या वेळीं हंशा पिकला.

कानास हा भेद कळतो: 'दर्या'तील 'द'वर आघात येतो, 'दऱ्या'त येत नाहीं. यंत्रास मात्र केवळ क्रमांक कळतो. युनिकोड संकेतांत 'र'चा क्रमांक ०९३०, 'ऱ'चा ०९३१. पहिल्याचा पाय मोडून 'य' जोडिला, कीं रफार डोक्यावर चढतो. दुसऱ्याचा मोडिला, तर तो 'य'च्या अलीकडे आडवा राहतो. शब्द तपासणारी आज्ञावलीहि येथें फसते, कारण दोन्ही शब्द शुद्धच! याच चुकीनें 'आचाऱ्यांस' निमंत्रण 'आचार्यांस' जातें, आणि स्वयंपाकास पंडित येतात. नातू आतां कळ दाबण्यापूर्वीं शब्द मोठ्यानें उच्चारतो.