तिच्या हातातला कंडोम

11 डिसेंबर 2022 रोजी नागपुरात एकाच दिवशी झालेल्या उद्घाटनांत ही दोन होती: मिहान या औद्योगिक प्रकल्पातलं ‘एम्स’ आणि समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा पहिला टप्पा. मिहानजवळच्या शिवमडक्यापासून निघालेला हा रस्ता शिर्डी ओलांडून सिन्नरला भिडतो. त्याच सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीत ‘क्युपिड’ ही कंपनी स्त्रियांनी वापरायचा कंडोम बनवते. 2012 साली जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी (यूएनएफपीए) यांच्या कसोटीला तो उतरला, आणि दक्षिण आफ्रिकेत सरकार असे कंडोम स्त्रियांना फुकट देतं. आपल्या सरकारी कुटुंब नियोजनाच्या यादीत मात्र निरोध, माला-एन आणि छाया या गोळ्या, अंतरा इंजेक्शन, तांबी, नसबंदी असं सगळं आहे, हा नाही. तो तिथे असायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

का, ते आकड्यांवरून कळतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती. नवऱ्याने नसबंदी करून घेतलेल्या 0.3 टक्के, कंडोमवर विसंबलेल्या 9.5 टक्के. म्हणजे पाळणा थांबवण्याचा भार बाईच्या पोटावर. पण शस्त्रक्रियेने गर्भ थांबतो, एचआयव्ही किंवा परमा थांबत नाही. तांबी, गोळी, इंजेक्शन यांचंही तेच. दोन्ही अडवणारं साधन कंडोम हेच, आणि ते घालायचं की नाही हे ठरवणार पुरुष. मिहानमधल्या आयटी कंपन्यांत रात्रपाळी करणाऱ्या, पहिलं मूल इतक्यात नको असलेल्या मुलीला नसबंदी उपयोगाची नाही, आणि हार्मोनची गोळी प्रत्येकीला मानवतेच असं नाही. तिच्या हातात काय उरतं? नवऱ्याची मनधरणी.

हे साधन दिसायला काहीसं विचित्र आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. डॅनिश डॉक्टर लासे हेसेल यांनी शोधलेल्या आणि अमेरिकेत 1993 मध्ये मान्यता मिळालेल्या मूळ प्रकारात साधारण वीतभर लांबीची मऊ पिशवी, बंद टोकाशी आत एक सुटी कडी आणि उघड्या तोंडाला दुसरी मोठी कडी असते. आतली कडी चिमटीत दाबून लांबट करायची आणि योनीत बोट पोचेल तितकी आत सरकवायची. बाहेरची कडी योनीमुखावर राहते, त्यामुळे आजूबाजूची थोडी त्वचाही झाकली जाते. सिन्नरच्या प्रकारात आतल्या कडीच्या जागी स्पंज असतो. संबंधाच्या काही तास आधीही हा कंडोम बसवता येतो. शिश्न पिशवीच्या आतच जातंय, बाजूने नाही, हे सुरुवातीला हाताने पाहावं लागतं. नंतर उठण्याआधी बाहेरची कडी पिळून पिशवी ओढून घ्यायची, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायची. धुऊन पुन्हा वापरायची नाही. पुरुषाचा कंडोम त्याच वेळी वापरू नये, घर्षणाने दोन्ही सरकतात किंवा फाटतात. आणि पिशवी लेटेक्सची असेल तर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन अजिबात नको. नायट्राइलची असेल तर चालतं. तेव्हा पाकिटावरचा मजकूर वाचायलाच हवा.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात वजनदार: हा तितकासा भरवशाचा नाही. खरं आहे. रोजच्या वापरात वर्षभरात शंभरातल्या साधारण 21 जणींना गर्भ राहतो, पुरुषांच्या कंडोमने 13 जणींना. पण ज्या रात्री पुरुष कंडोम घालायला तयारच नसतो, त्या रात्री तुलना तेरा-एकवीसची राहत नाही. काहीतरी आणि काहीच नाही यांची होते. ज्यांना गर्भ मुळीच परवडणार नाही, त्यांनी तांबीच्या किंवा गोळीच्या जोडीला हा वापरावा. दुसरा आक्षेप पुराव्याचा आहे, आणि तो माझ्याच विरोधात जाणारा आहे. केनियातल्या चहा-कॉफीच्या मळ्यांत झालेला, 2001 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की पुरुषांच्या कंडोमच्या प्रचारात स्त्रियांच्या कंडोमची भर घालूनही एकूण लैंगिक संसर्ग कमी झाले नाहीत. तेव्हा याला साथ आटोक्यात आणणारं रामबाण औषध म्हणून विकू नये. माझा दावा त्याहून लहान आहे: एकेका स्त्रीला, आज, नकाराच्या पलीकडचा एक मार्ग. तोही पूर्ण गुपचूप नाही. बाहेरची कडी दिसते, त्यामुळे जोडीदाराशी बोलणं टळत नाही. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापुढे हा कितपत टिकेल, याबद्दल मलाही शंका आहे.

किंमत जास्त आणि मागणी नाही, हा तिसरा आक्षेप सरकारी टेबलांवर हमखास ऐकायला मिळतो. किंमत जास्त आहेच, पण ती थोड्या खपामुळेही आहे. आणि मागणी आपोआप कधी आली? 1968 मध्ये निरोध आला तेव्हा सरकारने किंमत तीन नगांना पंधरा पैसे ठेवली, ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्तान लिव्हर यांच्या वितरणजाळ्यातून तो खेडोपाडीच्या दुकानांत पोचवला, तेव्हा कुठे लोकांच्या तोंडी ते नाव बसलं. झिंबाब्वेत तर 1990 च्या दशकात तीस हजार स्त्रियांनी सह्या करून हे साधन मागितलं. आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने (‘नॅको’) 2006-07 च्या सुमारास महाराष्ट्रासह काही राज्यांत ते देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपुरतं आजमावलं. ‘त्यांची वस्तू’ असा शिक्का बसायला तेवढं पुरे होतं, आणि संसारी बाईपर्यंत ती पोचलीच नाही. र. धों. कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या राज्यात हा संकोच शोभत नाही.

राज्याच्या आरोग्य विभागाने सुरुवात मिहानपासून करावी. एम्सच्या स्त्रीरोग विभागात आणि खापरी-शिवणगावच्या आशाताईंकडे हा कंडोम ठेवावा, प्लास्टिकच्या प्रतिकृतीवर तो बसवून दाखवावा, आणि वर्षभराने किती जणी दुसऱ्यांदा मागायला आल्या ते मोजावं.