वर्गातील यंत्र आणि शिक्षकाचे शिकणे

शाळेत एखादे यंत्र केव्हा आले, त्यासाठी किती खर्च झाला आणि उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, याची नोंद सहज सापडते. मात्र ते आल्यावर शिक्षकाला नवे काय शिकावे लागले, ते त्याला कोणी शिकवले आणि त्यातले वर्षभरानंतर वर्गात काय उरले, याची नोंद क्वचितच ठेवली जाते. महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणात तंत्रज्ञानाचा इतिहास लिहायचा झाला तर ही दुसरी, न ठेवलेली नोंद अधिक महत्त्वाची ठरते, कारण यंत्राचे वर्गातील आयुष्य त्याच्या हमीपत्रापेक्षा शिक्षकाच्या तयारीवर अवलंबून असते.

भारतात या प्रयत्नांचा पहिला मोठा टप्पा म्हणजे १९७५-७६ मधील उपग्रहाधारित शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग, जो ‘साइट’ या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. अमेरिकेच्या नासा संस्थेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी वापरून सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचवले गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, तरीही या प्रयोगाची आठवण येथे आवश्यक आहे, कारण त्यात प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञानाचे जे प्रशिक्षण झाले, त्यात पडद्यावरील कार्यक्रमाच्या जोडीला छापील साहित्य आणि हाताने करून पाहण्याचे प्रयोग होते. पडदा एकटा पुरत नाही, ही जाण तेव्हाच्या आखणीत होती. पुढच्या अनेक योजनांत ती विरत गेली. पुढे इन्सॅट या भारतीय उपग्रहांच्या काळात, १९८४ मध्ये, पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली, मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी तिच्यासारखी दुसरी शासकीय संस्था राज्यात नव्हती, आणि २०१७ मध्ये ती बंद झाली, त्याच वर्षी ५ सप्टेंबरला ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय डिजिटल व्यासपीठ सुरू झाले आणि पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापले जाऊ लागले. जुने साधन पूर्ण वापरून होण्याआधीच नवे येते, हे अमेरिकी शिक्षणेतिहासकार लॅरी क्यूबन यांनी १९८६ मध्ये चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांच्याबाबत दाखवून दिले होते. आधी मोठी आश्वासने, मग अपुरा वापर आणि शेवटी शिक्षकावर दोषारोप, असा तो क्रम त्यांनी मांडला. त्यातील तिसरी पायरी महाराष्ट्रातील वाचकाला विशेष ओळखीची वाटेल.

राज्यात डिजिटल शाळांची जी लाट २०१५ च्या आसपास उसळली, तिचे वेगळेपण असे की तिचा उगम मंत्रालयात नव्हता. ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरील जिल्हा परिषद शाळेत शिक्षकांनी प्रोजेक्टर आणि स्वतः जुळवलेला स्पर्शसंवेदी फळा वापरून वर्ग उभा केला, धुळे जिल्ह्यात हर्षल विभांडिक यांनी गावोगाव फिरून लोकवर्गणीतून शाळांना साहित्य मिळवून दिले, आणि २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासननिर्णयानंतर अशा प्रयत्नांना प्रशासकीय पाठबळ लाभले. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हे बिरुद याच काळात रूढ झाले. स्वतः कविता चालीत म्हणून ध्वनिमुद्रित करणारे, चित्रफिती जोडणारे, व्हॉट्सॲपच्या गटांवर एकमेकांच्या अडचणी रात्री उशिरापर्यंत सोडवणारे हे शिक्षक कोणत्याही प्रशिक्षणवर्गातून तयार झाले नव्हते. गरजेतून आणि परस्परांकडून ते शिकले. दुर्दैवाने लाट पसरली तेव्हा मोजणी मात्र पडद्यांची झाली. विजेचे बिल थकल्याने जोडणी तोडलेल्या शाळेतही प्रोजेक्टर असला की ती शाळा डिजिटल म्हणून गणली जाऊ शकत होती.

शिक्षकाने नेमके काय शिकायचे, या प्रश्नाला शिक्षणशास्त्रात एक उपयुक्त उत्तर मिळते. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये असे मांडले की विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे सर्वसाधारण कौशल्य यांखेरीज शिक्षकाकडे तिसरे एक ज्ञान असते: एखादा विशिष्ट घटक मुलांना कोठे अडतो, त्यांचा कोणता गैरसमज होतो आणि कोणत्या उदाहरणाने तो सुटतो, याचे. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये या मांडणीत तंत्रज्ञानाची भर घातली. त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा की यंत्र चालवता येणे हे वेगळे सुटे कौशल्य मानून शिकवले तर ते वर्गात उपयोगी पडत नाही. विषय, अध्यापन आणि यंत्र ही तिन्ही एकमेकांत मिसळतात तेथेच शिक्षकाचे खरे ज्ञान असते. उदाहरणार्थ, जिओजेब्रा या मोफत संगणकप्रणालीत पडद्यावरील त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटाने ओढला की त्रिकोण सतत बदलत जातो. पायावर नीट बसलेला त्रिकोणच अनेक मुलांना त्रिकोण वाटतो, तो तिरका किंवा उलटा झाला की त्याची उंची कोणती हे त्यांना सांगता येत नाही, आणि विशालकोन त्रिकोणात उंची आकृतीच्या बाहेर पडते हे तर त्यांना अशक्यच वाटते. हे ज्याला ठाऊक आहे तो शिक्षक शिरोबिंदू हळूहळू ओढतो, उंची पायाच्या टोकाशी येताच थांबतो आणि ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारून मुलांना वहीत आकृती काढायला लावतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याच्या वर्गात तोच त्रिकोण दोन मिनिटे नाचतो आणि मुले टाळ्या वाजवतात. पडदा, प्रणाली आणि वीज दोन्ही वर्गांत सारखीच असते. थांबण्याची ती जागा मात्र संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमात नसते. अशाच एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाची परीक्षा उत्तीर्ण होण्याचे बंधन शिक्षकांवर घालताना वेतनवाढीचा विचार झाला, या जागेचा झाला नाही.

यंत्राविना घडलेले एक उदाहरण येथे अधिक बोलके आहे. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालील शाळांचा गट) प्रतिभा भराडे या विस्तार अधिकाऱ्यांनी आपल्या शिक्षकांसह ज्ञानरचनावादी पद्धती रुजवली, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञानाची रचना करते असे मानून वर्गाची मांडणी बदलली. मुले जमिनीवर बसत असल्याने जमिनीवरच अक्षरे, अंक आणि खेळ रेखाटले गेले, खडे, काड्या आणि शब्दपट्ट्या हे साहित्य झाले. राज्यभरातून शिक्षकांचे जथे हे वर्ग पाहायला येऊ लागले, आणि सहकाऱ्याचा चालू वर्ग पाहून शिकण्याची ही संधी अनेकांना नोकरीत प्रथमच मिळाली. तथापि परतल्यावर बऱ्याच शाळांनी प्रथम रंगाऱ्याला बोलावले. फरशी रंगली, पण ती मुलांनी कशासाठी वापरायची, कोणत्या मुलाने कोठून सुरुवात करायची, हा विचार रंगाबरोबर आला नाही. प्रोजेक्टरचे जे झाले तेच फरशीचे झाले. दोष विजेचा किंवा चित्रफितीचा नव्हता, हे यावरून दिसते.

शिक्षकाला वगळून पाहण्याचेही प्रयोग झाले. सुगता मित्रा यांच्या भिंतीतल्या संगणकाचा प्रयोग दिल्लीनंतर सिंधुदुर्गातील शिरगाव येथेही झाला, आणि दर मुलाला एक लॅपटॉप देण्याच्या जागतिक योजनेचे भारतातील पहिले केंद्र २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील खैराट या वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत सुरू झाले. एकच शिक्षक चार इयत्ता एकाच वेळी शिकवतो तेथे एका गटाला गुंतवून ठेवणारे साधन मोलाचे असते, हे मान्य करावे लागते. पण मुले आणि यंत्र यांच्यातून शिक्षक काढून टाकण्याची कल्पना व्याख्यानांत जितकी आकर्षक वाटली तितकी ती शाळांत टिकली नाही.

सेवांतर्गत प्रशिक्षणाची रूढ पद्धत उतरंडीची आहे: राज्यस्तरावर सुलभक तयार होतात, ते जिल्ह्याला, जिल्हा तालुक्याला आणि तालुका केंद्राला (म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाला) शिकवतो. कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतात जेवढे पाणी पोहोचते तेवढेच या पद्धतीत वाडीवरच्या शिक्षकापर्यंत पोहोचते. ऑनलाइन प्रशिक्षणाने या पायऱ्या वगळल्या, हा त्याचा खरा लाभ होय. ‘निष्ठा’ हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ मध्ये समोरासमोर सुरू झाला आणि २०२० मध्ये दीक्षावर आला. बारा आणि चोवीस वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ व निवड श्रेणीसाठीचे राज्यातील प्रशिक्षणही २०२२ मध्ये ऑनलाइन झाले. पण चित्रफीत शेवटपर्यंत चालली की घटक पूर्ण, अशी मोजणी असेल तर ती चालू ठेवून गुणपत्रके भरणे शिक्षकाला कठीण नसते, आणि त्याला यासाठी नावे ठेवणे अन्यायाचे होईल. ज्या व्यवस्थेने प्रमाणपत्र मागितले तिला प्रमाणपत्रच मिळाले.

करोनाकाळाने काही भ्रम दूर केले. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दाखवली गेली, जव्हार-मोखाडा भागात ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकवले गेले, आणि ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता तेथे शिक्षक स्वतः जाऊन ओट्यावर मुले गोळा करून बसले. साधन परिस्थितीनुसार निवडण्याचा अधिकार त्या काळात शिक्षकाच्या हाती अभावितपणे आला होता. शाळा पुन्हा भरल्यावर तो परत गेला. राहिला तो फोन, ज्याचा उपयोग पोषण आहाराची रोजची संख्या, हजेरी, उपक्रमांची छायाचित्रे आणि तातडीने मागवलेली माहिती वर पाठवण्यासाठी वाढत गेला. तंत्रज्ञानाबद्दल शिक्षकांत जी नाराजी ऐकू येते ती बहुतांशी या फोनबद्दलची आहे, फळ्याशेजारच्या पडद्याबद्दलची नव्हे, हा भेद चर्चांत सहसा केला जात नाही.

व्यवसायबंधूंनी एकमेकांना शिकवण्याची परंपरा मराठी शिक्षकाला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री आणि पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी चालवलेले ‘शालापत्रक’ याच वर्गासाठी होते. आजही केंद्रस्तरावर शिक्षण परिषद भरते, काही शाळांचे शिक्षक केंद्रप्रमुखाच्या बोलावण्यावरून एकत्र येतात, आणि तेथे एखाद्याने प्रत्यक्ष पाठ घेऊन दाखवला तर पुढची चर्चा तासभर रंगते. मात्र केंद्रप्रमुखांची अनेक पदे दीर्घकाळ रिक्त राहिली आणि परिषदेचा पुष्कळ वेळ परिपत्रके वाचण्यात जातो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. या तासांत शेजारच्या शाळेतील सहकाऱ्याचा भूमितीचा तास मागच्या बाकावर बसून पाहणे आणि नंतर त्याच्याशी वाद घालणे धरले जाणार, की पुन्हा पूर्ण चाललेल्या चित्रफितीच धरल्या जाणार, हे ठरवण्यासाठी नवे यंत्र लागत नाही. तालुक्याच्या पातळीवर वेळापत्रकात एक दिवस मोकळा ठेवणे आणि त्या दिवशी त्या शिक्षकाकडून कोणतीही माहिती न मागवणे एवढी व्यवस्था लागते.