खंगलेल्या वासराची उभारणी

वाशीम जिल्ह्यात सोयाबीन आणि तुरीचे कुटार गोठ्यात भरपूर असते, पण दुधाशिवाय नुसत्या कुटारावर लहान वासरू जगत नाही. त्याच्या कोठीपोटाची पचनशक्ती पुरती तयार झालेली नसते. दूध तुटले की ते खंगते, केस राठ होतात, पोट सुटते आणि ते माती चाटू लागते. यामागे दूध तुटण्याबरोबरच बहुधा जंत असतात आणि खनिजांची कमतरताही असते. गोलकृमी तर आईच्या दुधातूनही येतात.

आधी पाण्याची तूट पाहावी. मानेची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच सपाट झाली नाही, डोळे खोल गेले असतील, तर शरीरातले पाणी आटले आहे. मग बोट तोंडात घालावे. वासरू चोखत नसेल तर नळकांड्याने दूध ओतू नये. ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो, आणि वासरू उपासमारीने नव्हे, या घाईने दगावू शकते. अशा वासराला पशुवैद्यकाकडून सलाईन लावून घ्यावे. १९६२ या क्रमांकावर फिरते पथक मागवता येते.

चोखू लागल्यावर कोमट दूध वजनाच्या सुमारे दहाव्या भागाइतके, दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यावे. एकदम पोटभर पाजल्यास हगवण लागते. जंतनाशकाची मात्रा वजनावर ठरते. अंगाखाली कोरडे कुटार, थंडीत पाठीवर गोणपाट. खुराक आणि कोवळा चारा हळूहळू वाढवावा.